नार्व्हाचे लाल मोजे: शौर्याची खूण की कापडाचा हिशेब?

तोफखाना:
रशियाचा झार पीटर द ग्रेट याच्या गार्ड (खास राजाच्या) पलटणींची एक गोष्ट फार मिरवली जाते. १९ नोव्हेंबर १७०० रोजी (जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे) आजच्या एस्टोनियातल्या नार्व्हाजवळ राजा बाराव्या चार्ल्सच्या स्वीडिश फौजेने रशियनांची दाणादाण उडवली. प्रिओब्राझेन्स्की आणि सेम्योनोव्स्की या दोन पलटणी मात्र गाड्यांच्या आडोशाने अंधार पडेपर्यंत लढल्या. 'गुडघाभर रक्तात उभे राहिले' म्हणून त्यांना लाल मोजे मिळाले म्हणे! मला तरी ही भाकडकथा वाटते. त्या दिवशी बर्फाचं वादळ होतं, गुडघाभर काही असेलच तर बर्फ. फ्रेंच गार्डचा कोट निळा आणि विजार-मोजे लाल होते. ते कुठल्या रक्तात उभे होते?

रंगारी:
फ्रेंचांनी लाल घातलं म्हणून रशियन लालला अर्थच नाही, हे कसलं तर्कशास्त्र? याच दोन पलटणींच्या अधिकाऱ्यांच्या गळ्यातल्या धातूच्या पट्टीवर नार्व्हाचं साल आणि तारीख असे. हरलेल्या लढाईची तारीख गळ्यात घालणारी फौज शिपायाच्या पायात तिची खूण ठेवणार नाही, असं छातीठोक कशावरून म्हणता?

तोफखाना:
पट्टीवर तारीख आहे, मोज्यावर नाही. माझा मुद्दा तोच! राणी ॲनच्या काळातला ब्रिटिश कपड्यांचा नियम बघा. पहिल्या वर्षी कोट, वेस्टकोट, जाड लोकरी कापडाची विजार, मोजे. दुसऱ्या वर्षी नवा कोट आणि जुना कोट कापून त्याचाच वेस्टकोट. विजार आणि मोजे मात्र नवे, कारण चालून चालून आधी तेच फाटणार. खर्च शिपायाच्या पगारातून कापलेल्या पैशांचा, खरेदी कर्नलची. त्यात काही कर्नल स्वतःचाही खिसा भरत. स्वस्त लाल रंग झाडाच्या मुळांपासून निघायचा, तो शिपायाला. किड्यापासूनचा महाग किरमिजी साहेबाला. भावना वगैरे नंतरच्या.

पेठकरी:
तुम्ही दोघंही रंगाऱ्याच्या हौदाभोवतीच फिरताय. स्वीडिशांच्या पिवळ्या विजारी चामड्याच्याही असत. चार्ल्स १७१८ मध्ये नॉर्वेतल्या फ्रेड्रिक्सहाल्डच्या खंदकात गोळी लागून मेला, तेव्हाचे त्याचे कपडे स्टॉकहोमच्या राजशस्त्रागारात आजही आहेत: साधा निळा कोट, पिवळ्या चामड्याची विजार. घोड्यावर कापड टिकत नाही, चामडं टिकतं. मग तो पिवळा कोणाच्या खात्यात टाकणार, शौर्याच्या की बिलाच्या?

तोफखाना:
बिलाच्याच. टिकाऊपणा म्हणजे हिशेबच ना!

रंगारी:
असं म्हटलं की मग जगात हिशेबाबाहेर काही उरतच नाही. कापड लाल का होतं, ते तुम्ही सांगितलंत. ते पायात चढवून उभा राहणाऱ्याला काय वाटत होतं, ते कर्नलच्या वहीत सापडणार नाही. शिवाय रशियात ब्रिटिशांसारखा कर्नल-ठेकेदार धरून चालणं घाईचं आहे. पीटर स्वतः प्रिओब्राझेन्स्कीचा, गार्डच्या कपड्यांत त्याचं लक्ष असणारच.

तोफखाना:
लक्ष असेल, पण लक्ष म्हणजे हुकूम नव्हे. पीटरच्या सहीचा, नार्व्हाचं नाव घेणारा मोज्यांचा हुकूम समोर ठेवा, मी शब्द मागे घेतो.

पेठकरी:
आणि पुढे गुडघ्यापर्यंतचे गेटर्स (बुटावरून पायावर चढवायचं आवरण) आले, ते पांढरे असोत की काळे, आतले मोजे झाकलेच गेले. मग खूण दिसणार कोणाला?

रंगारी:
घालणाऱ्याला. हुकूम शोधतो.