अंग बाहेर येणं : तुमचे, आईचे, सासूबाईंचे अनुभव लिहा

गडचिरोलीतल्या दोन गावांत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० बायका तपासल्या होत्या. १९८९ साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. शंभरातल्या ब्याण्णव जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम आठ. तेव्हापासून पुष्कळ बदललं, पण अंग बाहेर येण्याबद्दल, म्हणजे गर्भपिशवी किंवा योनीची भिंत खाली उतरण्याबद्दल, बायका अजूनही सख्ख्या बहिणीशी बोलत नाहीत. म्हणून हा धागा. कधी कळलं, काय केलं, कशाने बरं वाटलं ते लिहा. नाव नको असेल तर गाव आणि वय पुरे. डॉक्टर मैत्रिणींनीही लिहावं.

वाळवा तालुका, सुनेने लिहिलंय

आमच्या आत्याबाईंची पाच बाळंतपणं, सगळी घरात. सव्वा महिना कुणालाच मिळाला नाही, लगेच शेतात. चौथ्या खेपेपासून अंग खाली येतंय हे त्यांनी मला सांगितलं ते लघवी तुंबली तेव्हा. तोवर फडक्याची घडी लावून वर घट्ट काष्टा. लघवीला बसलं की बोटानं आत ढकलायचं, मग धार सुटायची. संध्याकाळपर्यंत कंबर मोडायची, आडवं झालं की बरं वाटायचं. हे सगळं एकाच घरात राहून मला ठाऊक नव्हतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या चौथी पायरी आहे, म्हणजे पिशवी पूर्ण बाहेर. कपड्याला घासून जखमही झाली होती. एवढं खाली आलं की मूत्रनलिका दाबली जाऊन किडनीला त्रास होऊ शकतो, म्हणून तीही तपासली. आत्यांचं हृदय कमजोर, भूल देणं धोक्याचं, म्हणून पिशवी वर धरून ठेवणारी रिंग योनीत बसवायचं ठरलं. आधी मलम लावून जखम भरून घेतली. रिंग सिलिकॉनची, मऊ. बसवल्यावर लगेच घरी सोडलं नाही. चाला, उकिडवं बसा, खोका, लघवी करून या, असं सगळं करून घेतलं. पहिली खोकताना निसटली, मग मोठ्या मापाची बसवली. आता दर तीन महिन्यांनी नेतो, काढून धुतात, आत कुठं घासलंय का बघतात, परत बसवतात. मधे पांढरं जास्त जायला लागलं तेव्हा इस्ट्रोजेनचं मलम दिलं. आत्या परवा एसटीनं माहेरी जाऊन आल्या. वाटेत लघवीची चिंता नाही म्हणून.

पुणे, वय ३३

माझं पहिलंच बाळंतपण. कळा फार वेळ चालल्या, शेवटी चिमटा लावून बाळ काढलं. नंतर सतत काहीतरी जड लोंबतंय असं वाटायचं. सोनोग्राफी केली, ‘नॉर्मल’ आली. दुसऱ्या डॉक्टरांनी हातानं तपासलं, खोकायला लावलं, आणि तेव्हा कळलं की मूत्राशयाची भिंत योनीत उतरली आहे. दुसरी पायरी. बायांनो, हे निदान मुख्यतः तपासणीत होतं. झोपून केलेल्या सोनोग्राफीवर समाधान मानू नका.

मला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम मी आधीच करत होते, पण आवळताना खाली जोर देत होते हे तिनं पहिल्याच भेटीत पकडलं. लघवी आणि वारा एकदम अडवल्यासारखं आत आणि वर ओढायचं, श्वास रोखायचा नाही, पोट-मांड्या सैल. दहापर्यंत मोजत धरायचं, सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. शिंक येणार असं वाटलं, बाळाला उचलायचं असलं, की आधी आवळायचं. हीच सवय मला सगळ्यात उपयोगी पडली. निदान तीन-चार महिने नेटानं करावं लागतं. भिंत पूर्ण वर गेली नाही, पण जडपणा गेला आणि मी पुन्हा चालायला जाते. बद्धकोष्ठतेचा उपायही तेवढाच महत्त्वाचा: कुंथायचं नाही, पाणी, फळं, आणि कमोडवर बसताना पायाखाली छोटा पाट.

जळगाव, वय ४१

सगळे म्हणतात पिशवी काढून टाक, कटकट संपेल. खरंच संपते का?

नाशिक, वय ६२

नाही संपली, म्हणून लिहिते. माझी पिशवी पस्तिशीतच काढली, रक्तस्रावासाठी. पाळी गेल्यानंतरच्या वयात योनीचा वरचा भागच खाली आला. आधार देणारे बंध आणि स्नायू सैल झाले की पिशवी नसली तरी योनीची भिंत, मूत्राशय, गुदाशय उतरू शकतात. मग योनीचा माथा आतल्या मजबूत बंधाला टाके घालून बांधला. आता बरी आहे.

स्त्रीरोगतज्ज्ञ, मुंबई

जळगावच्या ताईंना: वय, पायरी, त्रास किती आणि मूल हवं आहे का, यावर उपचार ठरतो. त्रास नसेल तर पहिल्या पायरीला काहीच कापायची गरज नसते. पूर्ण खाली आलेली पिशवी योनिमार्गे काढली तरी सोबत माथ्याला आधार आणि भिंतींची दुरुस्ती करावी लागते. शस्त्रक्रियेआधी ‘आधार कसा देणार?’ हे डॉक्टरांना जरूर विचारा. तरुण बाईची पिशवी वाचवून पट्टीनं वर बांधण्याच्या पद्धती तर आपल्याच लोकांनी घडवल्या: गोव्याचे, मुंबईत काम केलेले डॉ. वि. ना. शिरोडकर आणि मुंबईचे डॉ. बी. एन. पुरंदरे यांच्या नावांनी त्या ओळखल्या जातात. आणि रक्त, दुर्गंधी किंवा लघवी अडणं असेल तर वाट पाहू नका.

लीड्स (इंग्लंड), वय ५५

इथे उतरलेल्या भागाला आधार म्हणून योनीतून बसवायच्या कृत्रिम जाळीचा वापर २०१८ मध्ये थांबवला, अमेरिकेत २०१९ मध्ये तिची या कामासाठीची विक्री बंद करायला लावली. कुणी जाळी सुचवली तर कुठून बसवणार, ते विचारा. पोटातून बसवायची वेगळी. मी रिंगवर खूश आहे. काढा-घालायला शिकले, घरीच धुते.

बीड जिल्हा, आशाताई

इथं ऊसतोड करणाऱ्या बायांना ऑपरेशननंतर ‘दीड महिना जड उचलू नका’ हे सांगणं सोपं, पाळणं अवघड. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणाऱ्या बाईला कोण बसवून पोसणार? मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. म्हणून मी बायांना सांगते, टोळी परत आली की लगेच तपासून घ्या. ऑपरेशन लागणार असेल तर उन्हाळ्यात करा, म्हणजे पुढचा हंगाम लागेपर्यंत अंग सावरतं. आणि नवऱ्याला सोबत आणा. पाण्याचा हंडा त्यालाच भरायचा आहे, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की तो ऐकतो.