‘ग्लोबल सेटिंग’ला मराठीत काय म्हणावं?

कोरा_कागद
एका कॉलेजच्या लॅबसाठी लिनक्सची मराठी पुस्तिका करतोय, शेलच्या, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, प्रकरणात अडकलोय. ‘ग्लोबल सेटिंग’ आणि ‘पर्सनल सेटिंग’ यांना माझ्या आधीच्या अनुवादकाने ‘जागतिक मांडणी’ आणि ‘व्यक्तिगत मांडणी’ केलंय. जागतिक वाचलं की मला संयुक्त राष्ट्रसंघ दिसतो. ‘वैश्विक’ तर थेट ब्रह्मांडात नेतो. काय लिहावं?

उंबरठा
आधी ‘सेटिंग’चं बघा. आपल्याकडे ‘त्याची सेटिंग आहे’ म्हणजे आत कुणीतरी ओळखीचं आहे. ‘पर्सनल सेटिंग’ वाचून पोरं फिदीफिदी हसतील. ‘संरूपण’, ‘संयोजना’ हे शब्द छापील आहेत, तोंडात कुणाच्याच नाहीत. मी साधं ‘लावणे’ म्हणेन. तंबोरा लावतात, घर लावतात, तसा शेल लावून घ्यायचा.

काळी_खिडकी
‘लावणे’ आवडलं. ग्लोबलबद्दल: इथे जगाचा काही संबंध नाही, एका मशीनची गोष्ट आहे. त्या मशीनवर जितक्यांची खाती, तितक्यांना जे लागू ते ग्लोबल. बॅश या शेलमध्ये लॉगिन केलं की आधी ‘स्लॅश ईटीसी स्लॅश प्रोफाइल’ ही फाइल वाचली जाते, मग तुमच्या होममधली, म्हणजे तुमच्या खात्याच्या फोल्डरमधली. एकच गोष्ट दोन्हीकडे असेल तर नंतर वाचलेली टिकते, म्हणजे घरचं म्हणणं वरचढ. म्हणून मी ‘सामाईक’ म्हणतो. सामाईक भिंत, सामाईक विहीर, तशी सामाईक फाइल. आणि दुसरी ‘घरची फाइल’, कारण होम डिरेक्टरी म्हणजे घरच की.

उंबरठा
विहिरीवर सगळ्या भाऊबंदांचा हक्क असतो. ईटीसीमधल्या फाइलमध्ये मात्र रूटशिवाय, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याशिवाय, कुणाला अक्षर बदलता येत नाही. मग सामाईक कसं?

काळी_खिडकी
सोसायटीचा जिना घ्या. जिना सामाईकच, पण रंग कुठला ते कमिटी ठरवते.
आणि सामाईक म्हणजे काय ते मी अंगावर काढलंय. एका जुन्या नोकरीत कुणीतरी त्या प्रोफाइलमध्ये पाथ लिहिताना आपल्या फोल्डरचा पत्ता दिला, पण पुढे ‘आणि आधीचा पाथ’ हे जोडायचं विसरला. शेल कमांड शोधतो ती पाथमधल्या फोल्डरांतच. त्यामुळे दुसऱ्या दिवशी जो जो लॉगिन करेल त्याला फाइलींची यादी दाखवणारी एलएस सापडेना, फाइल लिहायचा व्हीआय सापडेना. रात्रीपासून सुरू असलेल्या शेलच्या खिडक्या मात्र ठणठणीत, कारण त्यांनी फाइल आधीच वाचून घेतली होती! शेवटी ‘स्लॅश बिन स्लॅश व्हीआय’ असा पूर्ण पत्ता टाइप करून फाइल उघडली आणि ओळ दुरुस्त केली. हेच त्याने घरच्या फाइलमध्ये केलं असतं तर एकटाच बोंबलला असता.

कोरा_कागद
सामाईक पक्कं. आता ‘बॅशआरसी’ या घरच्या दुसऱ्या फाइलीच्या नावातलं आरसी काय? जुन्या मसुद्यात ‘रिसोर्स’ धरून ‘संसाधन फाइल’ लिहिलंय.

काळी_खिडकी
खोडा. ते ‘रनकॉम’चं लघुरूप, म्हणजे ‘रन कमांड्स’. १९६०च्या दशकात एमआयटीमध्ये सीटीएसएस नावाची प्रणाली होती. फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या कमांड ओळीने चालवायची सोय तिथे लुई पूझँ यांनी केली, ती रनकॉम. ‘शेल’ हे नावही त्यांचंच. पुढे युनिक्स या लिनक्सच्या पूर्वज प्रणालीत मूळ शब्द गेला, दोन अक्षरं उरली.

उंबरठा
शेलला ‘कवच’ लिहू नका बरं. कवच वार झेलतं. इथे आत कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, हा दाणा आहे आणि त्याच्याभोवती शेल, म्हणजे टरफल! शेंगदाण्याच्या देशात याहून नेमका शब्द नाही. पण ‘टरफल लावून घ्या’ म्हटलं तर पोरं टिळकांची गोष्ट सांगून टरफलाला हातच लावणार नाहीत. तेव्हा शेलच ठेवा.
‘एलियस’ला मात्र आयता शब्द आहे: उर्फ. लांबलचक कमांडला ‘एलएल’ असं छोटं नाव दिलं की झालं तिचं उर्फ. कोर्टाच्या कागदात शोभतं तसं इथेही शोभेल.

कोरा_कागद
वा! आणि ‘एक्सपोर्ट’? निर्यात?

काळी_खिडकी
निर्यात नको, माल कुठे बाहेरगावी जात नाही. शेलमधून जो प्रोग्राम सुरू होतो त्याला एक्सपोर्ट केलेल्या व्हेरिएबलची, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या माहितीची, प्रत मिळते, बाकीच्यांची नाही. पोराने प्रतीत बदल केला तरी बापाकडे तो पोचत नाही. म्हणून ‘वारशात देणे’.
‘सोर्स’ला ‘स्रोत’ लिहिलं असेल तर तेही काढा. ते इथे क्रियापद आहे. फाइल बदलली तरी चालू शेलला पत्ता नसतो, त्याच्याकडून ती पुन्हा वाचून घ्यावी लागते. ऑफिसात आम्ही ‘सोर्स मारला का?’ असंच विचारतो.

नवखी_कळ
मध्येच विचारते. मी उर्फ घरच्या ‘बॅश प्रोफाइल’ फाइलमध्ये लिहिलं. कॉलेजच्या उबुंटूवर (तिथलं लिनक्स) नवी खिडकी उघडली की ते नसतं. आणि ते लिहिल्यापासून लॉगिनला जुन्या ‘डॉट प्रोफाइल’मधलंही काही चालत नाही. माझं काय चुकलं?

काळी_खिडकी
दोन वेगळी दुखणी आहेत. प्रोफाइल वाचली जाते लॉगिनला, बॅशआरसी दर नव्या खिडकीला. उर्फ बॅशआरसीत हलवा.
दुसरं: लॉगिनला बॅश घरात तीन नावं क्रमाने शोधतो, डॉट बॅश प्रोफाइल, डॉट बॅश लॉगिन, डॉट प्रोफाइल. पहिली सापडली की पुढच्यांकडे बघतही नाही. तुम्ही पहिली नव्याने बनवलीत आणि तिसरी मुकी झाली. नव्या फाइलमधून जुनी सोर्स करा, नाहीतर नवी पुसून टाका.
मॅक असेल तर हिशेब निराळा. तिथे २०१९च्या कॅटलिना आवृत्तीपासून बॅशऐवजी झेडशेल हा दुसरा शेल आहे, त्याच्या फाइलींची नावंही वेगळी.

नवखी_कळ
पुसली. चाललं!

कोरा_कागद
संपादकांकडून प्रकरण परत आलं. उर्फ पास, वारसा पास. ‘सामाईक’खाली लाल रेघ: ‘सामायिक’ हवं, म्हणे.

उंबरठा
त्यांना सांगा, सामायिक ही जैनांची ४८ मिनिटांची साधना. वाटणीच्या जमिनीला आमच्या गावात सामाईकच म्हणतात.

काळी_खिडकी
आमच्या खरेदीखतात ‘सामायिक’ आहे, आत्ताच काढून बघितलं.

उंबरठा
कोणत्या सालचं खत?