चर्चा धागा : छोटी लाइन जपायला हवी होती काय?

मोतीबागेचा शेजारी (धागाकर्ता)

नागपुरातील इतवारी ते छिंदवाडा ही नॅरोगेज गाडी २०१५ च्या अखेरीस थांबली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये उमरेड-भिवापूरवरून जाणारी नागभीडची गाडीही बंद झाली. ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर शंभराहून अधिक वर्षे धावलेल्या या गाड्यांना आम्ही नागपूरकर ‘छोटी लाइन’ म्हणत आलो. आता तिची आठवण म्हणून कडबी चौकाजवळचे मोतीबागेतील नॅरोगेज संग्रहालय तेवढे उरले आहे. ते २००२ मध्ये सुरू झाले, म्हणजे संग्रहालय आधी आले आणि गाडी नंतर संग्रहात गेली, हा क्रम मला आजही विचित्र वाटतो.

माझे म्हणणे एवढेच आहे, की रुळांचे रुंदीकरण करून मोठी लाइन टाकताना या मार्गाचा दहा-पंधरा किलोमीटरचा तरी तुकडा वारसा म्हणून राखायला हवा होता. कालका-सिमला रेल्वे याच ७६२ मिलिमीटर मापाची आहे आणि २००८ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. आपल्याकडे सावनेरच्या वालुकाश्मात बांधलेली, १९२५ मध्ये उद्घाटन झालेली नागपूर स्थानकाची इमारत आपण कौतुकाने जपतो. मात्र ज्या गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर बाभळीची फांदी लागत असे, तिचे एकही जिवंत अंतर आपण राखले नाही. दगड जपायचा आणि चाल विसरायची, हे योग्य आहे काय? विरोधी मतांचे स्वागत आहे.

उमरेडकरीण

दादा, आपले लेखन सुंदर आहे, पण ते रविवारी कॅमेरा घेऊन इतवारीला येणाऱ्या माणसाचे आहे. माझे माहेर उमरेडच्या पुढे आहे. सुमारे एकशे सहा किलोमीटरच्या प्रवासासाठी चार तासांहून अधिक वेळ घेणारी गाडी आपल्याला निवांत वाटते. नागपुरात दवाखान्यात तारीख असलेल्या माणसाला ती तशी वाटत नाही. ज्यांना वेळेवर पोहोचायचे होते ते सारे केव्हाच एस.टी.कडे आणि काळीपिवळीकडे वळले होते. गाडीत उरलो होतो ते स्वस्त तिकिटासाठी बसणारे लोक, भाजीच्या टोपल्या, लग्नाची वऱ्हाडे आणि आपल्यासारखे रेल्वेप्रेमी.

कालका-सिमल्याची तुलनाही मला पटत नाही. तिथे डोंगर आहे, बोगदे आहेत, वर थंड हवेचे गाव आहे. उमरेड-भिवापूरकडे काळी जमीन, कापूस, सोयाबीन आणि मिरची आहे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पत्र्याच्या डब्यात बसून हा वारसा अनुभवायला कोण पर्यटक येणार होता? आमच्या गैरसोयीला वारसा म्हणू नये, ही नम्र विनंती आहे.

निवृत्त सिग्नलवाला

दोन्ही बाजूंना थोडे तांत्रिक सांगावेसे वाटते.

नॅरोगेजचा खरा दोष तिच्या संथपणात नव्हता, ती एकटी होती यात होता. १६७६ मिलिमीटरच्या मोठ्या लाइनीवरचा डबा छोट्या लाइनीवर जाऊ शकत नाही, त्यामुळे जिथे माप बदलते तिथे प्रत्येक पोते उतरवून पुन्हा चढवावे लागते. मालवाहतूक अशा ठिकाणाहून निघून जाते, मग उत्पन्न जाते, मग डागडुजीला पैसा मिळत नाही आणि इंजिनांचे सुटे भाग मिळवणे हीच एक नोकरी होऊन बसते. शिवाय रुंदीकरण म्हणजे रुळांखालच्या जुन्या स्लीपरच्या जागी नवे स्लीपर टाकणे नव्हे. वळणे सरळ करावी लागतात, चढ कमी करावे लागतात, फाटकांच्या जागी भुयारी रस्ते येतात आणि भराव नव्याने घालावा लागतो. नवा मार्ग बऱ्याचदा जुन्याच जमिनीवरून जातो. मग धागाकर्त्यांनी मागितलेला तुकडा नेमका कुठे राखायचा होता? तो चालवायला वेगळे इंजिन, वेगळी कार्यशाळा आणि वेगळे शिकवलेले कर्मचारी लागले असते.

राखायचेच होते तर छिंदवाडा मार्गावरच्या सिल्लेवानी घाटातला, भिमालगोंदी ते भंडारकुंडच्या आसपासचा भाग राखता आला असता. निदान तिथे बघण्यासारखा उतार तरी होता.

भिवापुरी ठसका

भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले, पण मिरची उचलणारी गाडी मात्र संग्रहालयात गेली. एवढेच नोंदवून मी बाजूला होतो.

पुणेरी फेऱ्या, नागपुरी घर

मला हा सगळा हळवेपणा कळत नाही. ऑगस्ट २०२५ पासून अजनी (नागपूर)-पुणे वंदे भारत सुरू झाली आणि सुमारे आठशे ऐंशी किलोमीटरचे अंतर साधारण बारा तासांत पार होऊ लागले. दिवाळीत खासगी बसचे भाडे विमानाशी स्पर्धा करते, त्या काळात या गाडीचे महत्त्व काय आहे ते पुण्यात नोकरी करणाऱ्या कोणत्याही विदर्भातील मुलाला विचारावे. रेल्वे ही वाहतूक आहे. ज्यांना झुकझुक हवी आहे त्यांनी मोतीबागेतल्या लहान गाडीत एक फेरी मारावी आणि तृप्त व्हावे.

मोतीबागेचा शेजारी (धागाकर्ता)

उमरेडकरीण ताईंचा आक्षेप मला लागला, आणि तो लागायलाच हवा होता. मी त्या गाडीने प्रवास केला तो नेहमी परत येण्यासाठीच. वारशाच्या तुकड्याचा माझा आग्रह निवृत्त सिग्नलवाल्यांच्या उत्तरानंतर मी बराचसा सोडतो.

परंतु पुण्याच्या मित्रांना एक विचारतो. वेग हाच निकष असेल, तर सिकंदराबाद-नागपूर वंदे भारत सप्टेंबर २०२४ मध्ये वीस डब्यांनिशी सुरू झाली आणि काही महिन्यांतच तिचे डबे आठवर का आणावे लागले? मागणी नसलेल्या ठिकाणी वीस डबे लावता येतात, आणि मागणी असलेल्या ठिकाणी पॅसेंजरला दोन मिनिटांचा थांबा देता येत नाही. माझ्या मामांच्या गावाजवळ एक थांबा होता. तिथे इमारत नव्हती. एक पाटी, एक कडुनिंब आणि कमिशनवर तिकीट विकणारा एक गावकरी होता. आज तिथे थांबा नाही आणि गावातला माणूस नऊ किलोमीटर चालत, किंवा कोणाच्या मोटारसायकलवर मागे बसून, पुढच्या स्थानकापर्यंत जातो. मला बहुधा याच गोष्टीचे दुःख होते आणि मी ते इंजिनाच्या नावावर मांडत होतो.

उमरेडकरीण

दादा, आता आपण माझ्या अंगणात आलात. हे दुःख मलाही मान्य आहे. करोनाच्या काळात पॅसेंजर गाड्या एक्स्प्रेस ठरवल्या गेल्या, किमान भाडे दहा रुपयांवरून तीस रुपये झाले आणि २०२४ च्या सुरुवातीला ते पुन्हा दहावर आले. पण अनेक लहान स्थानकांचे थांबे मात्र त्याच सहजतेने परतले नाहीत. भाडे कागदावर एका दिवसात बदलते. मोडलेली सवय तशी परत येत नाही. एकदा मजूर बाया टेम्पोने जाऊ लागल्या, की गाडीला ‘प्रवासी नाहीत’ असा अहवाल तयारच असतो.

तरीही मी नॅरोगेज परत मागणार नाही. मला मोठ्या लाइनीवरच थांबा हवा आहे.

निवृत्त सिग्नलवाला

थांब्याची किंमत दोन मिनिटांची नसते, हेही सांगायला हवे. वेगात आलेली गाडी थांबवणे आणि पुन्हा त्या वेगाला नेणे यात आणखी काही मिनिटे जातात, आणि तेवढ्या वेळात मागच्या कोळशाच्या मालगाडीला सिग्नल मिळत नाही. नागपूर ही चारी दिशांची गाठ आहे. इटारसी, वर्धा आणि राजनांदगाव या तिन्ही बाजूंना जादा मार्गिकांची कामे हाती घेतली गेली ती त्याचसाठी.

परंतु यावर उपाय नाही असे नव्हे. मेमू या विजेवर चालणाऱ्या, लोकलसारख्या गाडीत मोटारी एकाच इंजिनात नसून अनेक डब्यांखाली असतात, त्यामुळे ती थांबते आणि सुटते फार पटकन. दर पाच-सात किलोमीटरवर थांबणाऱ्या गाडीसाठी तीच योग्य आहे. वर्धा, रामटेक, नरखेड आणि भंडाऱ्याकडे जाणाऱ्या ब्रॉडगेज मेट्रोची, म्हणजे रेल्वेच्याच मोठ्या लाइनीवर धावणाऱ्या मेट्रोची, चर्चा नागपूर २०१८ पासून ऐकत आहे. पण तिच्यात खुर्च्या वातानुकूलित असतील की नाही यापेक्षा ती कुठे कुठे थांबेल, हा प्रश्न मला मोठा वाटतो.

पुणेरी फेऱ्या, नागपुरी घर

हे म्हणणे मला मान्य आहे. माझी आजी रामटेकजवळ राहते आणि मी वंदे भारतने अजनीला संध्याकाळी उतरल्यावर तिच्याकडे जाण्यासाठी मोठ्या भावाला गाडी घेऊन बोलावतो, हे इथे कबूल करतो.

मोतीबागेचा शेजारी (धागाकर्ता)

मामांच्या गावची ती पाटी मी पुढच्या खेपेस शोधणार आहे. कडुनिंब असेल तर जागा सापडेल. धाग्याचे शीर्षक आता चुकीचे झाले आहे, पण ते बदलणार नाही. नागभीडच्या मोठ्या लाइनीवर थांबे कुठे कुठे हवेत याविषयी उमरेड, कुही आणि भिवापूरकडच्या सदस्यांनी आपल्या गावचे नाव, बाजाराचा वार आणि जवळच्या शाळेची वेळ लिहावी. मी निवेदन तयार करतो.

भिवापुरी ठसका

बाजार शुक्रवारी. गाडी सकाळी नऊच्या आत हवी, नाहीतर मिरची उन्हात आणि आम्ही टेम्पोत.