मदत हवी आहे : वासिंद स्टेशनचे जुने फोटो

नमस्कार मंडळी. मी कळव्याला राहतो, पण आमचं मूळ घर वासिंदचं. आजोबा तिथे पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, होते. त्यांचा हातकंदील अजून आमच्याकडे आहे. लाल काच तडकलीय, पण पत्र्यावरची 'जी.आय.पी.' (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, इथली जुनी रेल्वे कंपनी) ही अक्षरं बोटाला अजून लागतात.

ठाण्याला गाडी आली १८५३ मध्ये, कल्याणला १८५४ मध्ये आणि वासिंदला १८५५ मध्ये. पुढे आसनगावपर्यंत रूळ पडायला १८६० उजाडलं. म्हणजे चार वर्षांहून जास्त काळ या फाट्यावरचं शेवटचं स्टेशन वासिंद होतं! आज लोकल मिनिटभर थांबते नि कसाऱ्याकडे निघून जाते, म्हणून हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. मला याचं फार वाटतं.

आजी आता शहाऐंशीची आहे. आपलं क्वार्टर नेमकं कुठे होतं, विहीर कुठल्या अंगाला होती, हे ती पुन्हा पुन्हा सांगते. तिला एकदा फोटोत ते दाखवायचंय.

कुणाच्या घरी १९७० च्या आधीचे स्टेशनचे किंवा रेल्वे चाळीचे फोटो आहेत का? शहापूर तालुक्यातल्या जुन्या रेल्वेवाल्यांच्या घरच्यांना प्लीज विचाराल का? मी स्वतः येऊन स्कॅन करून नेईन, मूळ फोटो तुमच्याकडेच राहील.