मदत हवी आहे: मधल्या सुट्टीनंतर वर्ग शांत बसवायचाय, पण धाक न दाखवता

नमस्कार. मी नाशिकच्या सातपूर भागातल्या एका मराठी शाळेत सहावी-सातवीला शिकवते. वर्गात पन्नासच्या वर मुलं. बऱ्याच जणांचे आईवडील एमआयडीसीत पाळीवर जातात, त्यामुळे काहींची झोपच झालेली नसते. मधल्या सुट्टीनंतर मुलं धापा टाकत, भांडणं अर्धवट सोडून आत येतात आणि गणिताचा तास त्यातच सुरू करावा लागतो.

परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या, बोधकथा यांतून वेळ उरत नाही. म्हणून सुट्टीनंतरची पाच मिनिटं मी श्वासाच्या ध्यानासाठी ठेवली आहेत. इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आपल्याच जिल्ह्यात, आणि आनापानाचा, म्हणजे श्वासाकडे लक्ष देण्याच्या ध्यानाचा, 'मित्र' उपक्रम राज्यातल्या शाळांत आलेला आहेच. श्वास नाकपुड्यांपाशी जसा येतो-जातो तसा नुसता बघायचा. तो मोजायचा नाही, लांबवायचा नाही, कसला जपही नाही. मला हे मनापासून पटतं.

पण एका मुलीला डोळे मिटले की घरातली भांडणं आठवतात. तिला म्हटलं, डोळे उघडेच ठेव, बाहेरचे आवाज ऐक. तिला ते जमलं. असं आणखी किती जणांचं होत असेल आणि ती बोलत नसतील, याची काळजी वाटते. अशा मुलांसाठी तुम्ही काय करता?

दुसरं म्हणजे, ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांहून जास्त मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. तिथे माइंडफुलनेसच्या, म्हणजे सजगतेच्या सरावाच्या, तासांमुळे मुलांच्या मानसिक आरोग्यात नेहमीच्या शिकवण्यापेक्षा वेगळा फरक दिसला नाही. बऱ्याच मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. त्यामुळे वेगळा तास लावण्यापेक्षा आहे त्याच दिनक्रमात हे मुरवावं असं माझं मत झालंय. पोषण आहाराच्या खिचडीचे पहिले दोन घास न बोलता, चव घेत खाणं, किंवा घटक चाचणीचा पेपर हातात पडल्यावर आधी तीन श्वास. कुणी असं करून पाहिलंय का?

'गप्प बसा, ध्यान करा' अशी शिक्षा याची होऊ नये, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. काही सहकारी वर्ग आवरायला ते तसंच वापरू लागलेत. त्यांना न दुखावता कसं सांगावं?

पालकसभेत 'हे कुठल्या धर्माचं?' असाही प्रश्न येतो. तुम्ही काय उत्तर देता? वर्गात मुलांशी नेमकी कोणती वाक्यं बोलता, तीही जशीच्या तशी लिहिलीत तर फार उपयोग होईल. प्राथमिकच्या शिक्षकांचे अनुभवही चालतील.