शब्दचर्चा : औषध ‘लागू न पडणे’ आणि औषध ‘न सोसणे’

प्रश्न (सावंतवाडीहून)

सप्रेम नमस्कार. मी औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते आणि एकाच औषधाचा परिणाम जनुकांमुळे माणसागणिक कसा बदलतो, याविषयी रुग्णांसाठी मराठी पत्रक तयार करीत आहे. ‘फार्माकोजेनॉमिक्स’ला ‘औषधजनुकशास्त्र’ म्हणावे, की मूळ शब्दच ठेवावा? ‘ड्रग रिस्पॉन्स’साठी मी ‘औषधाला मिळणारा प्रतिसाद’ असे लिहिले होते. परंतु मसुदा आजीला वाचून दाखवला तेव्हा तिला त्यातून काहीच बोध झाला नाही. शिवाय संशोधनाचे संदर्भ शोधताना कोणत्या शब्दाने काय हाती लागते, याचाही मेळ बसत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (देवगडहून)

ताई, तुमच्या आजींना बोध झाला नाही, यात दोष त्या शब्दाचा आहे. मी बावीस वर्षे औषधांच्या दुकानात उभा आहे आणि ‘प्रतिसाद’ हा शब्द एकाही गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलेला नाही. गेल्या पावसाळ्यात मासे विकणाऱ्या एक मावशी आल्या. रबर लावलेल्या दोन पट्ट्या त्यांनी ओल्या पिशवीतून काढून काउंटरवर ठेवल्या, एकीवर बोट ठेवून म्हणाल्या, “ही गोळी माका सोसणा नाय,” आणि दुसरीवर बोट ठेवून, “हेचो गुण येणा नाय.” या दोन वाक्यांत त्यांनी जे वेगळे केले, ते ‘प्रतिसाद’ हा शब्द एकाच गाठोड्यात बांधून टाकतो.

मराठीत ‘लागू पडणे’ आणि ‘गुण येणे’ ही क्रियापदे औषधाने आपले काम केले की नाही, हे सांगतात. ‘सोसणे’, ‘मानवणे’ आणि ‘बाधणे’ ही त्याने अपाय केला की नाही, हे सांगतात. संशोधनातही नेमका हाच भेद पाळला जातो. स्टॅनफर्ड विद्यापीठात २००० सालापासून चालत आलेला ‘फार्मजीकेबी’ हा माहितीसंग्रह, जो आता ‘क्लिनपीजीएक्स’ या नावाखाली आला आहे, तेथे जनुक आणि औषध यांच्या प्रत्येक जोडीपुढे संबंध परिणामकारकतेचा आहे, विषाक्ततेचा आहे, मात्रेचा आहे की चयापचयाचा, हे नोंदलेले असते. तुम्ही केवळ ‘रिस्पॉन्स’ या शब्दाने शोधत असाल, तर हे सगळे एकमेकांत मिसळून पुढ्यात येते. आधी मनाशी ठरवावे की आपला प्रश्न ‘गुण येत नाही’ हा आहे की ‘सोसत नाही’ हा, आणि मग त्या रकान्यात शिरावे.

‘बाधणे’ या शब्दाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आपल्याकडच्या हिवतापाचेच आहे. व्हायव्हॅक्स हिवतापात यकृतात दडलेले परजीवी मारण्यासाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस देतात. काही जणांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात आणि लघवी काळसर होते. त्यामागे ‘जी-६-पीडी’ या विकराची (एन्झाइमची) उणीव असते, हे १९५६ साली उघड झाले. या विकराचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे हा त्रास पुरुषांत अधिक आढळतो. येथे औषध लागू पडतेच, पण बाधते. ‘प्रतिसाद चांगला नाही’ असे लिहिले तर वाचणारा हिवताप बरा झाला नाही, असे समजेल आणि लघवीचा रंग बदलल्याचे डॉक्टरांना सांगायचे राहून जाईल. म्हणून या शब्दाबाबत मी इतका आग्रही आहे.

‘प्रकृतीनुसार औषध’ हा पर्यायही टाळावा, अशी माझी विनंती आहे. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ ही म्हण येथे सहज ओठांवर येते हे खरे, परंतु ‘प्रकृती’ म्हटले की वाचकाच्या मनात वात, पित्त आणि कफ उभे राहतात. आयुर्वेदातील प्रकृती आणि जनुके यांची सांगड घालणारे ‘आयुर्जीनोमिक्स’ नावाचे संशोधनही चालते, त्यामुळे घोटाळा दुप्पट होतो.

पुरवणी (दापोलीहून)

देवगडच्या मित्रांचे म्हणणे पटले. मी मराठीचा निवृत्त शिक्षक आहे; विषयाचे नाव आणि ‘मेटाबोलायझर’ हा शब्द, एवढ्यावरच बोलतो. ‘औषधजनुकशास्त्र’ हा समास सुबोध आहे आणि तो पत्रकात अवश्य वापरावा. मात्र पहिल्या उल्लेखात ‘फार्माकोजेनॉमिक्स’ शेजारी असावे, कारण वाचकाला पुढे शोध त्याच नावाने घ्यावा लागेल. मला अडचण वाटते ती ‘पुअर मेटाबोलायझर’ची, म्हणजे ज्याच्या अंगात औषधाचे रूपांतर मंद होते त्या माणसासाठीच्या शब्दाची. एका भाषांतरात मी ‘औषध नीट न पचवणारा’ असे वाचले. ते बरोबर आहे का?

उत्तर (देवगडहून)

सर, ते बरोबर नाही, कारण ‘पचवणे’ म्हटले की माणूस पोटावर हात ठेवतो आणि येथे काम यकृतातल्या विकरांचे असते. शिवाय त्या शब्दातून परिणामाची दिशा कळत नाही. सीवायपी२सी१९ या विकराचे उदाहरण घ्या. हृदयात स्टेंट बसवल्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात ते क्लोपिडोग्रेल याच विकराकडून सक्रिय होते, म्हणून विकर मंद असलेल्या माणसाला त्याचा गुण कमी येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० साली त्याच्या माहितीपत्रकात चौकटीतला इशारा याच कारणासाठी आणला. आम्लपित्ताचे ओमेप्राझोल मात्र याच विकराकडून निकामी होते, म्हणून त्याच माणसाच्या अंगात ते अधिक काळ टिकते आणि आम्ल अधिक दाबते. माणूस एक, जनुक एक, पण एक औषध कमी पडते आणि दुसरे जास्त होते. त्यामुळे मी ‘मंद रूपांतर करणारी व्यक्ती’ असे लिहीन आणि त्यापुढे औषधाचे नाव घालून परिणाम स्वतंत्र वाक्यात सांगेन.

या शब्दांचा घोळ इंग्रजीतही होता. ज्यांचे विकर नेहमीसारखे काम करते त्यांना जुन्या लेखांत ‘एक्स्टेन्सिव्ह मेटाबोलायझर’ म्हणत. सीपीआयसी या संशोधकगटाने तज्ज्ञांची मते घेऊन शब्द ठरवले आणि त्याला ‘नॉर्मल’ म्हणावे, असे सुचवले. जुने लेख धुंडाळताना जुना शब्दही घालावा लागतो. विषयाच्या नावाचेही असेच आहे. ‘फार्माकोजेनेटिक्स’ हा शब्द फ्रीड्रिख फोगेल यांनी १९५९ साली वापरात आणला, ‘जेनॉमिक्स’चे रूप बरेच नंतरचे, पबमेड या वैद्यकीय लेखांच्या शोधसंग्रहाच्या विषयसूचीत मुख्य शीर्षक आजही जुनेच आहे.

जनुकाच्या रूपभेदांना ‘स्टार-२’, ‘स्टार-१७’ असे क्रमांक असतात. त्यांचे भाषांतर करू नये. सर, तुमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे भाताचे वाण आठवा : ‘रत्नागिरी-१’, ‘रत्नागिरी-२४’. आकड्यावरून वाण चांगला की वाईट हे ठरत नाही, तसेच येथेही आहे. सीवायपी२सी१९च्या बाबतीत स्टार-२ विकराचे काम बंद पाडतो आणि स्टार-१७ ते वाढवतो. हे क्रमांक ‘फार्मव्हार’ हा माहितीसंग्रह सांभाळतो. पण ज्या संग्रहांत स्टार-क्रमांक वापरत नाहीत तेथे त्याच रूपभेदाला ‘आरएस’ने सुरू होणारा क्रमांक असतो, स्टार-२ साठी तो आरएस ४२४४२८५ आहे आणि पबमेडपासून भारतीय जीनोमच्या (संपूर्ण जनुकसंचाच्या) संग्रहांपर्यंत कोठेही तोच चालतो. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेच्या ‘इंडिजेनोम्स’ संग्रहात १०२९ भारतीयांच्या जीनोमवरून काढलेली वारंवारता याच क्रमांकाने पाहता येते. आपल्या लोकांत तो रूपभेद किती आढळतो हे तेथूनच घ्यावे. युरोपातल्या लोकांचे आकडे मराठी पत्रकात उतरवू नयेत.

प्रश्नकर्तीकडून

काका, सर, मनापासून आभार. पत्रकातले वाक्य मी असे बदलले आहे : “हिवतापाच्या गोळ्या काही जणांना जनुकांमुळे बाधतात, लघवी काळसर झाली तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगा.” आजीला पुन्हा वाचून दाखवले. तिने विचारले, “म्हणजे गोळी वाईट नाय, ती त्या माणसाक सोसणा नाय, असाच ना?”