हुडकणं, माग काढणं आणि परचेस
वर कोणीतरी लिहिलंय की इंग्रजीत सर्च, हंट, चेस, ट्रॅक असे ढीगभर शब्द आन् मराठीत सगळ्याला एक शोधणे. हे काय पटलं नाही बुवा. आमच्याकडं लातूर-नांदेड साइडला शोधणे हा पुस्तकातला शब्द, घरात कोणीच म्हणत नाही. चावी सापडंना तर आजी विचारायची "काय हुडकायलास रं?", अंधारात काडेपेटी हुडकत नाहीत तर चाचपतात, आन् रात्री दावं तोडून बैल गेला की सकाळी आजोबा खुरांचा माग काढत निघायचे. एकदा असं ओढ्यापर्यंत गेलो, पुढं खडक लागला आन् मागच संपला, बैल मात्र मागच्या वावरात निवांत कडबा खात होता! हे ट्रॅक करणं झालं, सर्च नव्हं.

अजून एक, कोणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. परचेस या शब्दात चेस लपलेला आहे. जुन्या फ्रेंचमधून आलाय आन् मुळात अर्थ पाठलाग करून, खटपट करून मिळवणे असा होता, पैसे देऊन विकत घेणे हा अर्थ नंतर चिकटला. चेस आन् कॅच हे पण सख्खे भाऊ, दोघंबी पकडणे या अर्थाच्या एकाच लॅटिन मुळातून आले, फक्त फ्रेंचच्या वेगवेगळ्या बोलींतून आल्यामुळं उच्चार बदलला. सर्च मात्र गोल फिरणे या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, म्हणजे बैल हुडकताना आमचं झालं तसंच.